इलेक्ट्रिक गाडीचं तोंड बंद का असतं? आत शिरणारा वारा रेंज कशी खातो, समजून घ्या

गावात पहिली इलेक्ट्रिक कार आली की पारावर एक प्रश्न हमखास निघतो. "हिला पुढं जाळीच नाही, मग ही तापत नाही का?" लगेच दुसरा म्हणतो, "इंजिनच नाही तर तापेल कशाला?" खरं सांगायचं तर दोघांचंही अर्धं बरोबर आहे आणि अर्धं चूक.

इलेक्ट्रिक गाडी तापते. तिलाही वारा लागतो. पण तो वारा फुकट मिळत नाही, त्याची किंमत बॅटरीतून वसूल होते. म्हणून कंपन्या गाडीचं तोंड शक्य तितकं बंद ठेवतात आणि गरज पडेल तेव्हाच उघडतात.

हे समजून घेणं का गरजेचं? कारण आपल्याकडं दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतो, "कंपनीनं रेंज सांगितली एक आणि मिळते भलतीच, आपल्याला फसवलं." दुसरा हौसेनं गाडीच्या पुढं गार्ड बसवतो, जादा दिवे लावतो, लग्नात फुलांची चादर बांधतो आणि मग भर मे महिन्यात चार्जिंगला उभा राहून विचारतो, "आज इतका वेळ का लागतोय?" दोघांच्याही अडचणीचं मूळ वाऱ्यात आहे.

वारा दिसत नाही, पण ओढतो

सायकलवर समोरून वारा असला की पायडल मारताना दम निघतो, हे सगळ्यांना माहीत आहे. गाडीचंही तेच. हवा बंद असली तरी गाडी १०० च्या वेगानं पळत असेल तर गाडीच्या दृष्टीनं समोरून १०० चं वादळच येत असतं. ते बाजूला सारण्यात बॅटरी खर्च होते.

यातली मेख अशी, की वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. ५० च्या वेगाला जेवढा विरोध असतो, त्याच्या चौपट १०० ला. त्यामुळं गावातल्या रस्त्यावर वाऱ्याचा हिशोब कुणी करत नाही. हायवेला मात्र सगळा खेळ वाऱ्याचाच असतो.

हा विरोध किती, हे गाडीच्या आकारावर ठरतं. कंपनीच्या जाहिरातीत 'ड्रॅग कोएफिशियंट' किंवा 'सीडी' असा एक आकडा असतो. आकडा जितका लहान, तितकी गाडी वाऱ्यातून सहज निसटते. उंच, चौकोनी एसयूव्हीचा आकडा साधारण ०.३३ ते ०.३८ असतो. भारतात २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाई आयोनिक ५ चा आकडा ०.२८८ आहे. मर्सिडीजच्या ईक्यूएस या इलेक्ट्रिक गाडीचा ०.२० आहे.

आत शिरलेला वारा म्हणजे विनातिकीट प्रवासी

आता जाळीचा मुद्दा. एक साधा प्रयोग आठवा. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात खोल कढई धरा. गोल बूड प्रवाहाकडं केलं की पाणी बाजूनं निघून जातं, हाताला फार ओढ लागत नाही. तीच कढई उलटी करून पोकळ बाजू प्रवाहाकडं करा. हातातून निसटते की काय असं वाटतं. कढई तीच, पाणी तेच. पाण्याला आत शिरायला वाव मिळाला आणि बाहेर पडायला सोपी वाट राहिली नाही, एवढाच फरक.

कढईच्या जागी पिठाची चाळणी धरली तर? पाणी आरपार जातं, तरी ओढ लागतेच. गाडीचा रेडिएटर म्हणजे अशीच एक चाळणी. बारीक पत्र्यांच्या फटींतून हवा जाते, जाताना उष्णता घेते, पण तिचा वेग मोडतो. मग ती हवा बॉनेटच्या आत पाइप, वायरी, मोटर यांच्यावर आदळत फिरते आणि शेवटी गाडीच्या पोटाखालून कशीबशी बाहेर पडते.

वरून सुळकन निघून जाणारी हवा गाडीला फार त्रास देत नाही. आत शिरलेली हवा मात्र विनातिकीट प्रवाशासारखी असते. गाडीला तिला काही अंतर आपल्यासोबत ओढत न्यावं लागतं. थंडाव्यासाठी घेतलेल्या हवेमुळं जो जादा विरोध तयार होतो, त्याला इंजिनिअर 'कूलिंग ड्रॅग' म्हणतात. नेहमीच्या पेट्रोल-डिझेल गाडीत वाऱ्याच्या एकूण विरोधापैकी साधारण ५ ते १० टक्के वाटा या एकट्या कारणाचा असतो.

हवा आत कुठून घेता, याइतकंच ती बाहेर कुठून सोडता यालाही महत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन मस्टँग लढाऊ विमानाच्या पोटाखाली रेडिएटर होता. त्यात हवा सावकाश शिरून, गरम होऊन, मागच्या अरुंद वाटेनं जोरात बाहेर पडेल अशी रचना होती. त्या गरम हवेच्या झोतामुळं रेडिएटरच्या विरोधाची बरीचशी भरपाई व्हायची. गाडीचा वेग विमानापेक्षा फार कमी असल्यानं एवढा फायदा गाडीला मिळत नाही. पण हवा नीट वाटेनं आत घ्यायची आणि नीट वाटेनं बाहेर काढायची, हा धडा गाडीवाल्यांनीही घेतला.

पेट्रोल गाडी किती तापते, इलेक्ट्रिक किती?

पेट्रोल इंजिनात टाकलेल्या इंधनापैकी साधारण पाव ते एक तृतीयांश ऊर्जाच चाकं फिरवायला कामी येते. उरलेली उष्णता होऊन जाते. काही सायलेन्सरमधून, काही रेडिएटरमधून. म्हणून पेट्रोल-डिझेल गाडीला मोठी जाळी लागते. आपला ट्रॅक्टर बघा. मळणी यंत्रावर उभा चालत असताना पुढच्या जाळीत भुसा बसला की तापमानाचा काटा लगेच वर चढतो. वारा अडला की इंजिन तापलं.

इलेक्ट्रिक गाडीचं गणित उलटं आहे. बॅटरीतून निघालेल्या विजेपैकी साधारण ८५ ते ९० टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोचते. म्हणजे वाया जाणारी उष्णता फक्त १० ते १५ टक्के. सपाट रस्त्यावर एका वेगानं चाललेल्या इलेक्ट्रिक गाडीला फार थोडा वारा पुरतो.

म्हणूनच कंपन्यांनी वरची मोठी जाळी काढून टाकली आणि तिथं सपाट, गुळगुळीत पट्टी बसवली. ती दिसायला वेगळी म्हणून नाही, तर रेंज वाढावी म्हणून. अनेक गाड्यांत हवा घ्यायला फक्त खाली, बंपरच्या तळाशी एक लांबट फट असते. पारावरच्या माणसाला जाळी दिसत नाही, कारण ती खाली लपलेली असते.

मग तोंड पूर्णच बंद का करत नाहीत?

इथं खरी गंमत आहे, आणि आपल्या भागातल्या उन्हाळ्याचा संबंधही इथंच येतो.

पेट्रोल इंजिनातलं पाणी, म्हणजे कूलंट, साधारण ९० अंशांवर फिरतं. बाहेर ४५ अंश ऊन असलं तरी दोघांत ४५ अंशांचा फरक राहतो. गरम चहा फुंकर मारली की निवतो, कारण चहा फुंकरीपेक्षा खूप गरम असतो. तसंच हे.

बॅटरी मात्र नाजूक आहे. लिथियम बॅटरीला माणसाला मानवेल तेवढंच तापमान मानवतं, साधारण १५ ते ३५ अंश. त्याहून बरीच जास्त तापत राहिली तर तिचं आयुष्य घटतं. आता विदर्भात पारा ४५ च्या पुढं गेला तर बाहेरची हवाच बॅटरीपेक्षा गरम! अशा हवेचा कितीही झोत मारला तरी बॅटरी थंड कशी होणार? 

म्हणून बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर मदतीला येतो. बॅटरीभोवती कूलंट फिरतं, ते बॅटरीची उष्णता उचलतं. एसीची यंत्रणा ती उष्णता कूलंटमधून खेचून घेते आणि गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये आणून सोडते. घरच्या फ्रिजसारखंच आहे हे. आतलं दूध गार होतं आणि मागची जाळी किंवा बाजूचा पत्रा गरम लागतो. कंडेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा जास्त गरम होतो, म्हणून ४५ अंशांची हवासुद्धा त्याची उष्णता घेऊन जाऊ शकते.

पण त्यासाठी कंडेन्सरवरून हवा वाहायला हवी. भरपूर हवी. म्हणजे उष्णता कमी, पण ती बाहेर टाकणं अवघड. इलेक्ट्रिक गाडी बनवणाऱ्यांपुढचा पेच तो हाच.

ही चैन नाही, गरज आहे. निसान कंपनीची लीफ ही सुरुवातीच्या काळातली गाजलेली इलेक्ट्रिक कार. २०१० च्या अखेरीस ती जपान आणि अमेरिकेत विकायला आली. तिच्या बॅटरीला पाणी फिरवून थंड करण्याची सोय नव्हती. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना या वाळवंटी, उष्ण राज्यातल्या मालकांनी २०१२ मध्ये बॅटरीची ताकद लवकर उतरत असल्याच्या तक्रारी केल्या. आपल्याकडं जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीमध्ये बॅटरी कूलंटनं थंड ठेवण्याची व्यवस्था दिली होती. उष्ण देशात ती गोष्ट महत्त्वाचीच आहे.

उपाय : उघडझाप करणाऱ्या पट्ट्या

तोंड उघडं ठेवलं तर रेंज जाते, बंद ठेवलं तर बॅटरी तापते. यावर उपाय म्हणजे खालच्या फटीत बसवलेल्या फिरत्या पट्ट्या. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा असायच्या ना, दांडी वर-खाली केली की उघडायच्या आणि मिटायच्या? तसंच. इथं दांडीऐवजी छोटी मोटर असते आणि ती गाडीचा कॉम्प्युटर चालवतो.

गाडी एका वेगानं हायवेला चालली आहे, बॅटरी गार आहे, तर पट्ट्या मिटलेल्या. वारा तोंडावरून घसरून बाजूनं निघून जातो. घाट चढताना मोटरवर ताण आला, बाहेर कडक ऊन आहे आणि एसी जोरात आहे, किंवा फास्ट चार्जिंग सुरू आहे, तर पट्ट्या उघडतात. आयोनिक ५ च्या पुढच्या बंपरमध्ये खालच्या बाजूला अशाच पट्ट्या आहेत. अर्थात सगळ्याच गाड्यांत ही सोय नसते. अनेक परवडणाऱ्या गाड्यांत खालची फट कायम उघडीच असते.

याचं टोकाचं उदाहरण बघायचं तर मर्सिडीजची 'व्हिजन ईक्यूएक्सएक्स' ही प्रयोगाची गाडी घ्या. एप्रिल २०२२ मध्ये ती जर्मनीतल्या झिंडलफिंगनहून निघून आल्प्स पर्वत ओलांडत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कासी गावापर्यंत गेली. एका चार्जमध्ये १,००० किलोमीटरपेक्षा जास्त! बॅटरी १०० युनिटपेक्षा थोडी कमीच होती. तिचा वाऱ्याचा आकडा होता ०.१७.

या गाडीत थंडाव्यासाठी वेगळीच युक्ती होती. गाडीच्या पोटाखाली थंड करणारी सपाट प्लेट बसवली होती. पोटाखालून हवा तशीही वाहतच असते, तिलाच उष्णता देऊन टाकायची. त्यामुळं पुढच्या पट्ट्या बहुतेक वेळ बंद ठेवता आल्या. या प्लेटमुळं सुमारे २० किलोमीटर रेंज वाढते, असं कंपनीनं सांगितलं. अर्थात ही गाडी विकायला नाही. आपल्या कच्च्या रस्त्यावर ती पोटावर घासत गेली असती, हा भाग वेगळा. पण कंपन्या एवढ्याशा वाऱ्यासाठी किती डोकं लावतात, ते यातून कळतं.

चाकं झाकलेली आणि पोट सपाट, तेही यासाठीच

इलेक्ट्रिक गाडीची चाकं कधीकधी थाळीसारखी झाकलेली दिसतात. त्यामागंही थंडाव्याचंच गणित आहे. साध्या गाडीचा ब्रेक दाबला की डिस्क तापते. ती थंड व्हावी म्हणून चाकाला मोठी भोकं ठेवतात. पण त्या भोकांतून हवा घुसळली जाते आणि विरोध वाढतो.

इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करताना बऱ्याच वेळा मोटरच उलटी जनरेटरचं काम करते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. ब्रेकवरचा भार कमी, म्हणून तो कमी तापतो. मग चाकं बरीच झाकून टाकता येतात.

पोटाचंही तसंच. इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सर नाही, त्याची गरम नळी नाही. त्यामुळं पोटाखाली हवा खेळवायची गरज कमी. बॅटरी खाली सपाट बसते आणि वारा खालून सरळ निघून जातो. स्पीडब्रेकरला घासून पोटाखालचं प्लास्टिक कव्हर लोंबत असेल तर ते 'काय बिघडतंय' म्हणून तोडून टाकू नका. ते आवाज करतं म्हणून नव्हे, तर वारा अडवू नये म्हणून बसवलेलं असतं.

आता किलोमीटरमध्ये हिशोब करू

नुसतं 'वारा, वारा' म्हणून पोट भरत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा मध्यम एसयूव्ही आहे, वजन दीड टन, वाऱ्याचा आकडा ०.३३, बॅटरीत वापरता येणारी वीज ४२ युनिट. सपाट रस्ता, वारा बंद, एसी चालू. कागदावर हिशोब मांडला तर साधारण असं उत्तर येतं :

- ८० च्या वेगानं : सुमारे ३२० किलोमीटर
- १०० च्या वेगानं : सुमारे २५० किलोमीटर
- १२० च्या वेगानं : सुमारे १९५ किलोमीटर

प्रत्यक्षात चढ-उतार, गाडीतली माणसं, टायरमधली हवा यानं आकडे बदलतील. पण कल बदलणार नाही. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. बुलढाणा जिल्ह्यातून समृद्धीवर चढून नागपूरकडं निघालेल्या माणसानं १२० चा काटा धरून ठेवला, तर ८० च्या मानानं सव्वाशे किलोमीटर तो वाऱ्याला देऊन टाकतो. कंपनीनं फसवलं असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा असं झालेलं असतं.

आता त्या पट्ट्यांचा वाटा किती? पट्ट्या उघड्या असल्यानं वाऱ्याचा आकडा ०.०१५ नं वाढला असं धरलं, तर याच गाडीची रेंज १०० च्या वेगाला साधारण ७ ते ८ किलोमीटरनं कमी होते. म्हणजे शेकडा तीन.

"एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" असं कुणी विचारेल. तर हो. कारण ७-८ किलोमीटर रेंज वाढवायला कंपनीला एक-सव्वा युनिट जादा बॅटरी बसवावी लागेल. त्यानं वजन वाढतं, किंमत वाढते. पट्टी आणि छोटी मोटर त्यापेक्षा स्वस्त पडते. आणि बॅटरी संपत आलेली, चार्जर अजून ५ किलोमीटरवर, अशा वेळी त्या ७-८ किलोमीटरची किंमत काय असते, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच विचारा.

खऱ्या वाऱ्यालाही विसरू नका. समोरून २० च्या वेगानं वारा असेल आणि तुम्ही ८० नं चालला असाल, तर गाडीला वारा १०० चाच लागतो. आपल्याकडं मे-जूनमध्ये वारं पश्चिमेकडून वाहतं. नागपूरहून मुंबईकडं जाताना ते तोंडावर येतं, परत येताना पाठीवर. जाताना आणि येताना रेंज वेगळी का मिळाली, त्याचं हे एक कारण.

चार्जिंगला उभी गाडी जास्त का तापते?

चालत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. फास्ट चार्जरवर उभ्या गाडीला तो मिळत नाही, आणि नेमकी तिथंच बॅटरी सगळ्यात जास्त तापते. समजा चार्जर ६० किलोवॅटचा आहे आणि त्यातली ५ टक्के ऊर्जा उष्णतेत गेली. झाले ३ किलोवॅट. म्हणजे पाणी तापवायचे दीड हजार वॅटचे दोन रॉड बॅटरीत सोडून ठेवल्यासारखं!

मग पट्ट्या उघडतात, पुढचा पंखा जोरात फिरतो, एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतो. उभ्या गाडीतून घरघर आवाज येतो, खाली पाण्याचे थेंबही पडतात. हे पाणी एसीचं असतं, घाबरायचं कारण नाही. मळणीवर उभ्या ट्रॅक्टरसारखी अवस्था असते ती. सगळी भिस्त पंख्यावर आणि मोकळ्या जाळीवर.

अशा वेळी पुढची फट चिखलानं, फुलांनी किंवा पाटीनं बंद असेल तर गाडीचा कॉम्प्युटर बॅटरी वाचवायला चार्जिंगचा वेग कमी करतो. गाडी पेट घेत नाही, बंदही पडत नाही, पण चाळीस मिनिटांचं काम तासावर जातं. मुहूर्त मात्र तुमच्यासाठी थांबत नाही.

हे करा, हे टाळा

१. खालची फट मोकळी ठेवा. लग्नात गाडी सजवायची तर छतावर, दारांवर सजवा. बंपरच्या खालच्या भागावर हार, चादर, बॅनर बांधू नका. सजवलेली गाडी लांब न्यायची असेल तर पुढची फुलं गाव ओलांडल्यावर काढा.

२. पुढं गार्ड आणि जादा दिवे नकोत. ते वारा अडवतात आणि विरोधही वाढवतात. शिवाय असे बाहेरून बसवलेले क्रॅश गार्ड बेकायदा असल्याचं केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे.

३. पट्ट्यांना हात लावू नका. रेंज वाढेल म्हणून काही जण फटीवर चिकटपट्टी किंवा पुठ्ठा लावतात. हिशोब आपण पाहिलाच. फायदा फार तर ७-८ किलोमीटरचा, आणि धोका हजारो रुपयांच्या नव्हे, लाखांच्या बॅटरीला. वॉरंटीवरून वाद होईल तो वेगळाच.

४. चिखल, भुसा, कापूस काढत जा. पावसाळ्यात शेतरस्त्यानं गेलात किंवा कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरातून आलात, तर खालच्या फटीत वाकून बघा. साध्या पाण्याच्या धारेनं हळू धुवा. प्रेशरचा पाइप जवळून मारला तर रेडिएटरचे पातळ पत्रे वाकतात आणि वारा कायमचा अडतो. बॉनेट उघडून आत पाण्याचा पाइप मारू नका. पट्ट्या चिखलानं अडकल्या असतील तर सर्व्हिस सेंटरला दाखवा, पक्कड लावू नका.

५. रिकामं कॅरिअर काढून ठेवा. छतावरचं कॅरिअर आणि त्यावरची पोती उघड्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी जास्त वारा अडवतात. गरज संपली की उतरवा.

६. हायवेला काचा बंद ठेवा. गावात ३०-४० नं चालताना काचा उघड्या चालतील. १०० च्या वेगाला उघड्या काचेतून वारा आत घुसतो आणि तोही विनातिकीट प्रवासी होतो. बेतानं एसी लावलेला बरा.

७. सावली शोधा. भर दुपारी लांब पळवलेली गाडी चार्जरवर लावायची तर शक्यतो शेड असलेला चार्जर निवडा. घरी चार्ज करायची सोय असेल तर रात्री किंवा पहाटे करा. घरचं चार्जिंग सावकाश होतं, त्यात बॅटरी फार तापत नाही.

८. रेंज कमी वाटली तर आधी वेग कमी करा. चार्जर लांब असेल तर एसी बंद करून घामाघूम होण्याआधी १०० वरून ८० वर या. सगळ्यात जास्त किलोमीटर तिथंच वाचतात.

शेवटी काय लक्षात ठेवायचं?

इलेक्ट्रिक गाडीचं तोंड बंद आहे म्हणजे तिला वारा नको असं नाही. तिला हवा तेव्हा आणि हवा तेवढाच वारा हवा आहे. बाकीचा वारा म्हणजे नुसती बॅटरीची उधळण. किती वारा आत घ्यायचा, हे ठरवायचं काम पट्ट्या, पंखा आणि कॉम्प्युटर करतात. आपलं काम दोनच गोष्टींचं. त्यांची वाट अडवायची नाही, आणि उजवा पाय जरा हलका ठेवायचा.

आता पुढच्या वेळी पारावर कुणी विचारलं, "हिला जाळी कुठंय?", तर गाडीजवळ न्या आणि वाकून खाली बघायला सांगा.